भोंग्याचा शेंदूर

अप्पा,

तुमचा भोंगा उघडला. गिरणीचा नव्हे, तो अजून ओरडतो आणि अजून अर्धं सोलापूर त्याच्यावर घड्याळ लावतं. तुमचा म्हणजे भवानी पेठेतल्या बंबचौकीच्या मनोऱ्यावरचा, धोक्याचा, हातानं फिरवायचा. तो उघडायला माणसं चढली ती नेमकी पितृपंधरवड्यातल्या रविवारी. त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. प्राध्यापकांना रविवार कळतो, तिथी कळत नाही. पण शिडीच्या पायथ्याशी उभं राहून मी मनात म्हणालो, दरवर्षी पान वाढून बोलावलं तर कावळा तासभर तिष्ठत ठेवतो, आणि आता ही मंडळी तुम्हाला बोलवायला निघालीत ती पाना आणि हातोडी घेऊन. बघू, कुणाचं ऐकता.

ही मंडळी कोण ते सांगतो. तीन जण आहेत. एक कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात, त्यांना सगळे प्राध्यापक म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. दुसरा रेडिओ दुरुस्त करणारा, आपल्याच पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या घरातला. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, पण त्याला आवाजांचा नाद. तिसरे गिरणीतून निवृत्त झालेले मिस्त्री, वयानं माझ्याहून मोठे, सगळ्यांचे चाचा. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. हे तिघे आवाज जमवतात. बंद पडलेल्या गिरण्यांच्या शिट्ट्या, शाळांच्या घंटा, फुटके कर्णे. मी थट्टेनं त्यांना ‘नादब्रह्ममंडळ’ म्हणालो, तर त्यांनी ते कौतुक समजून रेडिओच्या दुकानावर पाटीच लावली. संस्कृत शिकवणाऱ्यानं थट्टा मराठीत करावी, एवढं मी त्यातून शिकलो.

तुमच्यानंतर तो मनोरा तसाच होता. बांगलादेशाच्या लढाईत आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले तेव्हा गच्च्यांवर विजेचे नवे भोंगे आले, बटण दाबलं की रडणारे. तुमच्याकडं कुणी वर बघितलंसुद्धा नाही. आता मनोरा पाडून तिथं पाण्याची टाकी बांधायची म्हणतात. मंडळानं अर्ज केला, की भंगारात जाण्याआधी आम्हाला तो भोंगा तपासू द्या. परवानगी मिळाली. मग प्राध्यापक शाळेत मला भेटायला आले. मधल्या सुट्टीत, मुलांच्या गोंधळात, म्हणाले, “मास्तर, तुमचे वडील त्या भोंग्यावर…” आणि थांबले. पेठेत हे वाक्य अजून कुणी पुरं करत नाही, अप्पा. जे करतात ते माझ्या पाठीमागं करतात.

ती चैत्रातली दुपार मी पाहिलेली नाही. मी तेव्हा लांब, मठाच्या पाठशाळेत, रूपं पाठ करत होतो. म्हणून जे सांगतो ते ऐकीव. सुताच्या वखारीला आग लागली. वखारीच्या मागच्या पडवीत कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका बसलेल्या. भोंगा वाजला असता तर दोन्ही गल्ल्यांतली माणसं घागरी घेऊन धावली असती, तशी पद्धतच होती. भोंगा ऐकला की हातातलं टाकून धावायचं. भोंगा वाजला नाही. मागांच्या आवाजात ओरडणं ऐकू गेलं नाही. धूर दिसला तोवर पडवीचं छप्पर खाली आलं होतं. दोन बायका गेल्या आणि त्यांना काढायला आत शिरलेला एक म्हातारा गेला. त्यांची घरं अजून आपल्या मागच्या गल्लीत आहेत. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. ती कधी माझ्याकडं वर बघून उत्तर द्यायची नाही आणि मी तिला कधी प्रश्न विचारला नाही.

चौकशीत तुम्ही जे बोललात ते पेठेत इतक्यांदा नक्कल करून दाखवलं गेलं आहे, की मला ते माझ्या धड्यांसारखं पाठ आहे. “साहेब, फिरवला. फिरंना. लई जोर लावला तवा एकदम सैल झाला.” साहेबांनी शिपायाला वर चढवलं. त्यानं दोन बोटांनी हँडल फिरवलं आणि वरनं ओरडला, “फिरतंय की साहेब, भिंगरीगत!” साहेब म्हणाले, “आधी फिरत नव्हता, मग फिरायला लागला, आणि वाजला मात्र कधीच नाही. हा भोंगा आहे की तुमचा जबाब?” जमलेले लोक हसले म्हणतात. तीन मढी उचललेल्या गल्लीत लोक कसे हसले हे मला कळत नाही, पण हसले. मग कुणीतरी सांगितलं की त्या वेळी तुम्ही चहाच्या टपरीवर होता. कुणी सांगितलं, देवळात होता. तिसरा म्हणाला, झोपला होता. एक माणूस एका दुपारी तीन ठिकाणी असणार नाही एवढंही कुणाला वाटलं नाही. नोकरी गेली. मनोऱ्यावर पाय ठेवायला बंदी झाली. तुम्ही पुढं दोन दसरे पाहिलेत, तिसरा नाही.

तर प्राध्यापक म्हणाले, “आत गियर आहे, पिन आहे. उघडलं की त्या दिवशी तो फिरवायचा प्रयत्न झाला होता की नाही, हे समजू शकेल. तुम्ही यावं असं वाटतं. किंवा नको असेल तर येऊ नका.” संध्याकाळी मी अव्वाला सांगितलं. आई आता सत्तरीच्या पुढं गेली, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस चालीवरनं ओळखते. कडक भाकरी चुरत बसली होती. तिचे हात थांबले. म्हणाली, “जा. बघून ये. आन काय खरं हाय ते मला सांग, मास्तर. ग्वाड करून न्हाई सांगायचं.” मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती मला मास्तर म्हणते, आधी कौतुकानं म्हणायची, आता सवयीनं. पण त्या दिवशी ते हुकमासारखं म्हणाली. इतकी वर्षं नळावर, लग्नात, दुकानात तिनं एकच वाक्य सांगितलं आहे, “त्यांनी फिरवला हुता.” कुणी विचारलं नाही तरी सांगितलं आहे. आता पहिल्यांदाच ते कुणी तपासायला निघालं होतं.

शिडीवर चढताना मी चपला खाली काढल्या. रेडिओवाला म्हणाला, “मास्तर, वर देऊळ न्हाई की ओ, पत्रा हाय. पाय भाजंल.” खरंच भाजला. पण हात आपोआप चपलेकडं गेला त्याला मी काय करू. तुमच्याबरोबर त्या मनोऱ्यावर मी कधी चपला घालून चढलो नव्हतो. आणि वर जाऊन बघतो तर भोंगा अजून लाल. वरच्या बाजूला कबुतरांनी पांढरा केला होता, बाकी सगळा शेंदरी, थरावर थर, खडबडीत, कोपऱ्यावरच्या मारुतीसारखा. नुसते डोळे लावायचे राहिलेले.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. खंडेनवमीची सकाळ. पेठेतले सगळे माग बंद, त्यामुळे कानाला भोक पडल्यासारखी शांतता. सगळे आपापल्या हत्यारांना हार घालतायत, मागाला, तराजूला, कात्रीला. अव्वा चुलीपुढं खल घेऊन बसलीय. खलात शेंदूर, आणि त्यावर ती जवसाचं तेल धार धरून सोडतेय. तेल तिच्या माहेरचं, अक्कलकोटाकडच्या खेड्यातलं, मामा मातीच्या बुधल्यातून आणून देई. तुम्ही अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, पाटावर बसून वाट बघताय. “झालं का?” “व्हतंय की. दाटसर पायजे, न्हाईतर वघळतंय.” “दाटसरच कर. मागल्या वर्षी ऊन लागून गळलं हुतं.” विभूती लावणाऱ्या घरात शेंदूर कशाला, हा प्रश्न आजोबांनी तुम्हाला विचारला होता तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: “आपला भोंगा वाऱ्यावर बोलतोय. म्हंजे वायूचा पोरगा की. मग मारुतीच झाला न्हवं?” पाठशाळेत मी पुढं पुष्कळ व्युत्पत्ती शिकलो. इतकी सरळ एकही नव्हती.

अव्वा वाटी भरून देई. वाटीत वर एक जास्वंद. तुम्ही ती दोन्ही हातांत धरून पेठेतून चालत जायचा, मी मागं मागं. वर चढल्यावर तुम्ही भोंग्याला बोटांनी शेंदूर लावताय, डोक्यापासून खालपर्यंत, आणि त्याच्या कडेच्या खिडक्यांच्या चौकटींना तर विशेष मायेनं, कारण “आवाज हितनं निघतो, हितं लावायला पायजे.” मग नारळ, मग माझ्या कानांत कापसाचे बोळे, आणि मग तुम्ही हँडलवर वाकता. पहिल्यांदा नुसती घरघर, मग हुंदका, मग ती लांब वर चढत जाणारी किंकाळी, की अंगातलं हाड हलावं. तुमच्या कानांत कापूस नसे. “आपल्या लेकराचं ओरडणं ऐकायला कापूस कशाला,” म्हणायचा.

पाठशाळेतून पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा मी विद्वान झालो होतो. सहा महिन्यांत माणूस जेवढा विद्वान होतो तेवढा पुढं कधी होत नाही. वाटी घेऊन निघालेल्या तुम्हाला मी अडवून सांगितलं, की प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय वस्तूला देवत्व येत नाही, आणि यंत्राला शेंदूर लावणं हे शास्त्रात बसत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “शास्त्र तुझं, भोंगा माझा. तू पाठ कर, मी फिरवतो. बाजूला हो, तेल वाळतंय.” रागावला नव्हता. पण परत जायच्या दिवशी तुम्ही माझ्या पेटीत एक लाकडी डबी ठेवलीत, आत पिंजलेला कापूस. “तितं पन्नास पोरं एकदम वरडत असतील. झोप लागंना तर घाल.” बापानं मुलाला वेदाभ्यासासाठी दिलेली अशी भेट दुसऱ्या कुणाकडं असेल असं वाटत नाही. डबी अजून आहे.

पण मी रविवारचं सांगत होतो. आधी त्यांनी हँडलच्या बाजूची पेटी खोलली. तिथं शेंदूर नव्हता, नुसतं काळं वंगण. चाचांनी बोटानं ते पुसून काढलं, वाकून बघितलं आणि सरळ झाले. मग आत दोन बोटं घालून एक लोखंडाचा तुकडा काढला, करंगळीच्या पेराएवढा. प्राध्यापकांनी तो उन्हात धरला. त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, “मास्तर, ही पिन. हँडल आणि गियर यांना जोडणारी. कातरली गेलीय. गंजून तुटलेली नाही, हे टोक बघा, पिळून तुटलीय. म्हणजे समोर चक्र घट्ट अडकलेलं होतं आणि कुणीतरी अंगातलं सगळं बळ लावून हँडल ओढलं. पिन तुटली की हँडल मोकळं. मग ते भिंगरीसारखं फिरणारच.”

लई जोर लावला तवा एकदम सैल झाला. अप्पा, तुमचा जबाब शब्द न् शब्द खरा होता. मी त्या तापलेल्या पत्र्यावर खाली बसलो. रेडिओवाल्यानं न विचारता पाण्याची बाटली दिली. मला वाटलं, आता खाली उतरावं आणि चपलाही न घालता घरी पळत जावं. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. पण प्राध्यापक म्हणाले, “आता चक्र का अडकलं ते बघू.” आणि मी बसून राहिलो.

भोंग्यावरचा टोप निघता निघेना. पाना लावला, रॉकेल ओतलं, शेवटी छिन्नी लावून ठोकावं लागलं. आत एक चक्र आहे आणि त्याच्याभोवती एक कडं. दोघांच्या मधली फट नखाएवढी. हवा त्या फटीतून खिडक्यांवर कापली जाते आणि आवाज होतो, असं प्राध्यापक सांगत होते. फट नव्हतीच. खिडक्यांच्या चौकटींवरनं आत झिरपलेला शेंदूर त्या फटीत सगळीकडनं बसला होता, दगडासारखा, आणि चक्र आणि कडं एक झालं होतं. चाचांनी एक खपली उडवली, चुरून वास घेतला, जिभेला लावल्यासारखं केलं आणि थुंकले. “ये तिल का तेल नै. तिल का सूखता नै. ये जवस का है. मास्तरसाब, शेंदूर और जवस का तेल, इससे तो हम गिरनी में इस्टीम के पाइप के जोड बंद करते थे. हथौडे से नै निकलता. पत्थर.”

प्राध्यापकांनी विचारलं, “पण रोज फिरवत असतील तर असं बसणार कसं?” त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर आठवड्याची चाचणी बंद करायचा हुकूम आला होता, लोक उगाच घाबरतात म्हणून. आग लागल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्ही हुकूम पाळलात. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत भोंगा फिरला नाही, आणि त्या वर्षी शेंदूर दाटसर होता. हे मी त्यांना सांगितलं. तेल कुणाच्या माहेरचं, ते सांगितलं नाही.

खाली उतरल्यावर प्राध्यापक हे सगळं मंडळाच्या बैठकीत वाचायचं म्हणत होते, पिन आणि शेंदूर, दोन्ही. मी म्हणालो, “पिन वाचा. शेंदूर राहू द्या.” ते म्हणाले, “म्हणजे अर्धंच सत्य सांगायचं?” या प्रसंगाला लागू पडेल असा श्लोक असतोच, कुठल्याही प्रसंगाला असतो, मी तो म्हटला नाही. मी म्हणालो, “माझी आई जिवंत आहे. तो तिनं खलला होता.” प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. चाचा म्हणाले, “जाने दो, प्रोफेसरसाब. आवाज जमा करते ना हम? इसका आवाज नै करने का.” आणि खरंच बैठकीत कुणी शेंदराचं नावही काढलं नाही. मी त्यांची थट्टा करतो, पण अप्पा, माणसं चांगली आहेत.

अव्वा उंबऱ्यातच बसली होती. माझी चाल ऐकून म्हणाली, “बोल.” मी पिन सांगितली. तुटलेलं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते अंगठ्यानं चाचपलं, पुन्हा पुन्हा, जपमाळेच्या मण्यासारखं. “म्हंजे फिरवला.” “फिरवला, अव्वा. पिन तुटेपर्यंत फिरवला.” तिनं पदर तोंडाला लावला. ती रडली नाही, नुसता श्वास सोडला, आणि तो श्वास किती वर्षांचा होता ते मला मोजता येईना. मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाटभर तयारी करत आलो होतो. “मग वाजला का न्हाई?”

“गंज,” मी म्हणालो. “आत गंज चढला होता.”

तिनं पिनीचं टोक मुठीत धरलं. मग हळू म्हणाली, “गंज? त्यांनी गंज चढू दिला व्हय?”  तिला आठवत होतं ते मलाही आठवत होतं. तुम्ही घरातल्या कोयंड्यालासुद्धा गंज चढू देत नव्हता. “तेलपाणी बघत न्हवते म्हंजे,” ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग, अप्पा, तिनं तुम्हाला माफ केलं. “चुकलं असंल. माणूसच हाय की. फिरवला तर हुता ना.” तुम्ही कधी केलीच नाही ती हयगय तिनं तुम्हाला माफ केली, आणि मी समोर बसून ती करू दिली. पेठेनं तुम्हाला पळपुटा ठरवलं होतं. ते पुसून मी तुम्हाला आळशी ठरवलं. तुमच्यात आणि तिच्यात मला एकालाच वाचवता येत होतं. तुम्ही गेलेले, ती समोर बसलेली. इतकंच गणित होतं.

ते पुढं दोन आठवडे टिकलं. काल खंडेनवमी. आपल्या देवळीतल्या मारुतीला अव्वा अजून दरवर्षी शेंदूर लावते. माहेरचं तेल मामा गेल्यापासून येत नाही. मीच पेठेतल्या घाण्यावरनं जवसाचं आणतो. काल सकाळी ती तोच खल पुढ्यात घेऊन बसली. “मास्तर, शेंदूर आणला?” “आणला.” “आन तेल?” मी बाटली ठेवली. तिनं थोडं तळहातावर घेतलं आणि नाकाजवळ नेलं. डोळ्यांचं काम हल्ली तिचं नाक करतं, हे मी विसरलो होतो.

“हे तिळाचं हाय.”

“जवसाचं मिळालं नाही.”

“सोलापुरात?”

“दुष्काळानंतर जवसाचं पीकच…” असं काहीतरी मी सुरू केलं. माझ्या वर्गातला ढ मुलगा याहून बरी सबब सांगतो.

“परवाच शेजारणीनं आणलंय की घाण्यावरनं. मला इचारून गेली.” मग ती थांबली. तेलकट हात तसाच हवेत होता. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो आणि ती कुठंच बघत नव्हती. चुलीवरचं पाणी खदखदायला लागलं तरी दोघंही उठलो नाही. किती वेळानं तिनं हात पदराला पुसला आणि खल बाजूला सरकवला.

“गंज न्हवता तर.”

मी तिळाचं तेल का आणलं, अप्पा? कुणी मागितलं नव्हतं. देवळीतल्या मारुतीला कुठलं चक्र आहे अडकायला! पण घाण्यावर उभा राहिलो आणि जवसाचं म्हणायला तोंडच उघडेना. व्याकरण शिकवतो, वाक्य जुळवतो, आणि एक लहानसं खोटं पंधरा दिवस सांभाळता आलं नाही.

अव्वा म्हणाली, “यंदा कुंकूच लावू.” कुंकू लावलं, नारळ फोडला, आरती झाली. तिनं सगळं नीट केलं, फक्त कुंकवाचं बोट मारुतीच्या कपाळाऐवजी भिंतीला लागलं. जेवताना तिनं भाकरी नुसती चुरली. मग विचारलं, “त्यांस्नी कळलं हुतं का रं?”

“नाही, अव्वा. कसं कळणार? टोप कुणी उघडलाच नव्हता.”

“हाताला लाल लागलं असंल की. खिडक्यांत बोटं घालून बघितलं असंल.” मग ती म्हणाली ते मी कधी ऐकलं नव्हतं, कारण ती दोन वर्षं मी पाठशाळेतच होतो. “नोकरी गेल्यावर बी दसऱ्याला मला म्हणायचे, खल की शेंदूर. मी म्हणायची, आता कशाला, वर चढू देत न्हाईत. तर म्हणायचे, तू खल. मी वाटी भरून द्यायची. ते घिऊन जायचे आन रिकामी घिऊन यायचे. अशी धुतलेली, की लाल ठिपका न्हाई. दोन्ही दसरं. कुटं रिकामी करत हुते, मास्तर?”

 तुम्ही खलू नको म्हणाला असता तर तिनं का म्हणून विचारलं असतं. तुम्ही ते विचारूच दिलं नाहीत. सगळी पेठ हसत असताना तुम्ही वाटी दोन्ही हातांत धरून तिच्यातनं चालत गेलात, जास्वंदीसकट. कुठं गेलात? तळ्यावर? नाल्यावर? चौकशीत तुमच्याजवळ एक उत्तर होतं आणि ते तुम्ही दिलं नाहीत, असंच ना? की हे मी जुळवतोय, आणि तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, नुसती सवय मोडवत नव्हती?

“मारुतीला लावत असतील,” मी म्हणालो.

“व्हय,” ती म्हणाली. “मारुतीलाच लावत असतील.” माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली.

आज दसरा आहे. गल्लीत मुलं आपट्याची पानं घेऊन फिरतायत. मागच्या गल्लीतले लोक यंदाही आपल्या दारावरनं पुढं गेले; पिनीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आहे, पण पिन कळली म्हणून पान द्यायचं असं कुठं ठरलेलं नाही, आणि त्यांची माणसं काही परत आलेली नाहीत. ती वाटी कुठं रिकामी करत होता, हे पत्र मी तुम्हाला फक्त तेवढं एक विचारायला लिहायला घेतलं. उत्तर यायचं नाही हे मला कळतं, आणि पोस्टालाही सुट्टी आहे.

एक राहिलं. काल जेवणं झाल्यावर अव्वानं शेंदराची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, घरात नको, नेऊन टाक. मी घेऊन निघालो. तळ्याकडं गेलो, काठावर माणसं होती. नाल्यावर गेलो, तिथं टाकवेना. तासभर हिंडून परत आलो. पुडी या टेबलाच्या खणात आहे, तुमच्या कापसाच्या डबीशेजारी. हे कागदही तिथंच ठेवीन. दारातच अव्वानं विचारलं, “कुटं टाकलास?” मी म्हणालो, मारुतीला लावला. कुठल्या मारुतीला, ते तिनं विचारलं नाही.